घाटावरच्या लोकांसाठी: जुनी फिशिंग बोट खवळलेल्या पाण्यात कशी चालते ते घेण्याआधी कसं तपासायचं

खानापूर, बेळगाव, निपाणीकडून मला वर्षातून चार-पाच तरी फोन येतात, की मामा कारवारला एक जुनी बोट विकायला काढलीय, मालवणात एक आहे, गोव्यात एक परदेशी बनावटीची पडून आहे, घेऊ काय? पुढचा प्रश्न ठरलेला असतो, दर्या खवळला की ती कशी चालते ओ? आपण घाटावरची माणसं, चोर्ला उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही, त्यामुळे बोटवाला जे सांगेल ते खरं धरून घरी येतो.

मी बारा वर्षं दुबईत बोटींच्या वर्कशॉपमध्ये काम केलं, त्याआधी उद्यमबागेत फिटर होतो. तिकडं उत्तर-पश्चिमेचा शमाल वारा सुटला की आखात फार खोल नसल्याने लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि दुरुस्त केलेली प्रत्येक बोट त्यात नेऊन बघावी लागायची. तरी परत आल्यावर माझ्याकडून एक चूक झाली. गावातल्या दोघांनी एक सेकंडहँड बोट बघायला नेलं, आम्ही वारा पाठीमागे घेऊन एक फेरी मारली, बोट लोण्यासारखी आली, मी म्हटलं घ्या. पहिल्याच महिन्यात वाऱ्याच्या तोंडावर परत येताना तिने इतकं आपटलं की एकाची कंबर पंधरा दिवस धरली. मी चारही दिशांनी बघायला पाहिजे होतं. तेव्हापासून जो विचारेल त्याला खालची पद्धत सांगतो, आता एकदा सगळं लिहूनच ठेवतो.

१. आधी तळ बघा, रंग नंतर

बोट जमिनीवर काढलेली असतानाच पहिल्यांदा बघायला जा. मागे जिथं इंजिनाची बाजू संपते तिथं खाली वाका आणि तळ मधल्या कण्यापासून बाजूंकडे किती चढत गेलाय ते बघा. ह्या चढाला बोटवाले डेडराईज म्हणतात. ऊस तोडणाऱ्याला हे लगेच कळेल, कोयता धारेने पाण्यात मारला तर आत जातो आणि पात्याच्या अंगाने मारला तर फाटकन आवाज येऊन हाताला झिणझिण्या येतात, बोटीच्या तळाचं तसंच आहे.

मोजायला मोबाईलमधलं कोन दाखवणारं ॲप चालतं, आपल्याकडच्या वर्कशॉपवाल्यांकडे बेव्हल प्रोट्रॅक्टर असेल तर अजून चांगलं. कण्याजवळ सपाट जागी लावा, तळावर ज्या लांब उंच पट्ट्या असतात त्यांच्यावर लावू नका. दोन्ही बाजूंचं माप घेऊन सरासरी काढा, कारण बोट ठोकळ्यांवर थोडी कललेली असतेच.

मागच्या टोकाला २० ते २४ अंश आले तर तो खोल व्ही तळ. १५ ते १९ मध्यम. त्याच्या खाली गेलात की उभ्या लाटेवर आपटणार हे धरून चला, पण त्याचे फायदे पण आहेत, ते पुढे येतील. एकट्या ह्या आकड्यावर बोट घेऊ नका एवढं आत्ताच सांगतो.

२. जुन्या नावाजलेल्या बोटींची घराणी ओळखा

ह्या बोटी अमेरिकेतल्या, पण त्यांचे आकार जगभर उतरले. आपल्याकडं जी जुनी फायबरची स्पोर्ट बोट विकायला दिसते तिचा तळ बहुतेक ह्यातल्याच कुठल्यातरी घराण्याचा असतो, म्हणून मूळ माहीत असलेलं बरं.

बर्ट्राम ३१: हिच्यावर मी सगळ्यात जास्त काम केलंय. रे हंट नावाच्या डिझायनरने खोल व्ही तळ बनवला, डिक बर्ट्रामने १९५८ साली त्याची छोटी बोट खवळलेल्या पाण्यात पळताना बघितली आणि तसाच तळ मोठ्या मापात करून घेतला. त्या लाकडी 'मॉपी'ने १९६० ची मायामी ते नासाऊ शर्यत वादळी हवेत ८ तासांत जिंकली, आणि मग त्याच तळावरून फायबरची ३१ फुटी आली. मागच्या टोकाला साधारण २३-२४ अंश, रुंदी ११ फूट २ इंच. समोरच्या लाटेत ही बोट मऊ चालते, पाठीमागून लाट आली तरी सरळ राहते. पण सुरमईसाठी हळू गळ ओढत असाल किंवा इंजिन बंद करून थांबलात, तर बाजूच्या लाटेवर झुलते, चांगलीच झुलते. आणि अंगावर पाणी घेते. वारा तिरका असेल तर चालवणारा भिजतोच.

सीक्राफ्ट २३: कार्ल मोस्ली ह्या माणसाचा तळ. कण्यापासून बाजूला जाताना तळ एकाच उताराचा न ठेवता टप्प्याटप्प्याने कमी उताराचा केलाय, आत धारदार आणि बाहेर चपटा. त्यामुळे लाट कापताना धार कामाला येते आणि थांबल्यावर बाहेरचे चपटे पट्टे आधार देतात. मापाने लहान असून समुद्रात मोठ्या बोटीसारखी वागते ही तिची ख्याती मला पटते. आपल्या कामाला, म्हणजे सकाळी जाऊन दुपारी परत येणाऱ्या तिघा-चौघांना, हा आकार मी सगळ्यात आधी सांगेन.

बोस्टन व्हेलर: १९५८ ची १३ फुटी ही पहिली, तिच्यावरही रे हंटचाच हात होता. दोन फायबरच्या थरांमध्ये फोम भरलेला, त्यामुळे बुडत नाही, १९६१ मध्ये करवतीने अर्धी कापून तरंगत ठेवल्याचे फोटो छापून आले होते. काठावर उभं राहिलं तरी कलत नाही. पण जुन्या लहान मॉडेलचा तळ रुंद, उभ्या आखूड लाटेत दणके देते, गुडघे वाकवून उभं राहावं लागतं. खाडीत, बेटांच्या आडोशाला उत्तम. नंतरची मोठी मॉडेलं व्ही तळाची आहेत, ती मऊ चालतात, तेव्हा नुसतं नाव ऐकून ठरवू नका.

हॅटरस ४१: १९६० ची, मोठ्या मापाच्या फायबर बोटींची सुरुवात करणाऱ्यांपैकी. विलिस स्लेनने केप हॅटरसच्या खराब पाण्यासाठी बनवून घेतली, डिझाईन जॅक हारग्रेव्हचं. तळ फार खोल नाही पण वजन भरपूर, आणि वजन असलं की छोट्या लाटा बोटीला उचलूच शकत नाहीत. भरलेला ट्रक आणि रिकामा ट्रक जांबोटीच्या रस्त्याला कसे जातात ते आठवा. डिझेलचा खर्च मात्र तसाच ट्रकाचा.

कॅरोलायना बांधणीच्या बोटी: पुढे धारदार, वरती फुलासारख्या बाहेर पसरलेल्या, मागे चपट्या. पाणी बाजूला फेकतात म्हणून कोरड्या.

आणि आपली लाकडी ट्रॉलर, कारवार-मालपे-मालीमला दिसते ती. गोल पोटाची, ८-९ नॉटच्या आसपास चालणारी (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर). ती लाटेवरून उडत नाही, लाटेतून जाते, म्हणून आपटत नाही, पण बाजूची लाट आली की डोलते. तांडेल, म्हणजे बोट चालवणारे लोक, त्या डोलण्याला सरावलेले असतात, आपण नसतो. आपल्या पारंपरिक होडीला बाजूला बांधलेली उलांडी असते ना, ती ह्याच डोलण्यावरचा उपाय आहे, आणि माझ्या मते साध्यात साधा आणि सगळ्यात हुशार उपाय.

३. दिवस निवडा, उंची बघा आणि सेकंद पण बघा

हैदराबादच्या इनकॉईस संस्थेचा समुद्राचा अंदाज रोज निघतो, तो मोबाईलवर बघता येतो. त्यात लाटेची उंची मीटरमध्ये दिलेली असते. ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, म्हणजे १.५ मीटर लिहिलंय तर अधूनमधून जवळपास दुप्पट लाट येऊ शकते, घाबरू नका पण धरून चला.

नवे लोक उंचीच बघतात. दोन लाटांमधले सेकंद तितकेच महत्त्वाचे आहेत. सेकंदांचा वर्ग करून १.५६ ने गुणलं की खोल पाण्यातल्या लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. ४ सेकंदाची लाट साधारण २५ मीटर लांब, १० सेकंदाची १५६ मीटर. दीड मीटर उंची २५ मीटरमध्ये म्हणजे भिंत, आणि तीच १५६ मीटरमध्ये म्हणजे माळावरचा चढ, बोट वर गेली आणि खाली आली कळत पण नाही. एखादा सांगतो दीड मीटरमध्ये माझी बोट मख्खन चालली, तर त्याला सेकंद विचारा.

आपल्या किनाऱ्याला हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, पाणी शांत. दुपारी समुद्रावरून उत्तर-पश्चिमेचा वारा चढतो आणि आखूड लाटा तयार होतात. म्हणून विकणारा तुम्हाला सकाळी सातला बोलावतो. तुम्ही जा सातला, पण फेरी अशी ठरवा की बारा-एकला अजून पाण्यात असाल. पहिल्या वेळेला अंदाज १ मीटरच्या आसपास असू दे, १.५ च्या वर असेल तर जाऊ नका, बोट कितीही चांगली असली तरी. मे महिन्यात नैऋत्येच्या लांब लाटा आणि अचानक येणारे वारे सुरू होतात, तेव्हा चाचणी नको. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्या काळात बोटी वर ओढलेल्या असतात, तळ मोजायला तोच काळ चांगला.

४. सोबत काय पाहिजे

कागद:
- बोटीच्या नोंदणीचं सर्टिफिकेट. मासेमारीची बोट असेल तर रिअलक्राफ्ट पोर्टलवरची नोंद आणि लायसन्स. बोटीच्या अंगावर रंगवलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळवून बघा.
- विमा आणि इंजिनाची कागदं, इंजिनावर ठोकलेला नंबर पण बघा.
- सगळ्यांचं मूळ आधार कार्ड, समुद्रात तपासणी होते.
- कर्नाटकातली काही कागदं कन्नडमध्ये असतील, वाचता येत नसेल तर येणारा माणूस सोबत न्या, अंदाजाने सही करू नका.
- मासेमारीच्या नोंदीवर पर्यटकांना फिरवता येत नाही, त्याचं लायसन्स वेगळं. कशासाठी बोट घेताय ते आधीच ठरवा.

सामान: माणशी एक लाईफ जॅकेट, आणि ते अंगात घालायचं, सीटखाली ठेवायचं नाही. व्हीएचएफ रेडिओ, चॅनेल १६ वर लागतोय का ते जेटीवरच बघा. कोस्ट गार्डचा नंबर १५५४ सगळ्यांच्या मोबाईलमध्ये. वही आणि पेन्सिल, पेनाची शाई भिजते. मोबाईलला प्लास्टिकची पिशवी. धक्के मोजणारं ॲप, फुकट मिळतात. एक स्टॉपवॉच. आणि तिथलाच एक तांडेल, विकणाऱ्याचा नातेवाईक नसलेला, त्याला दिवसाचे पैसे द्या आणि तो परत फिरू म्हणाला की परत फिरायचं, वाद नाही.

आदल्या रात्री हलकं खा. उलटीची गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून निघण्याच्या आधी घ्या, लागायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही. आपली आल्याची वडी खिशात असू दे.

५. जेटीवरच करायची डोलण्याची चाचणी

दहा मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेक लोक करत नाहीत. बोट शांत पाण्यात, दोर ढिले, दोघंजण काठावर वजन टाकून तिला डोलवायला लावा, मग सोडा. एका बाजूला जाऊन परत त्याच बाजूला आली की एक डोल. चार-पाच डोल मोजून सरासरी सेकंद काढा.

मासेमारी बोटींसाठी एक जुना नियम वापरतात, डोलाचे सेकंद हे बोटीच्या मीटरमधल्या रुंदीपेक्षा कमी असतील तर सुरुवातीची स्थिरता सहसा पुरेशी. बर्ट्राम ३१ ची रुंदी ३.४ मीटर धरा, म्हणजे डोल त्याच्या आत पाहिजे. सेकंद वाढत चालले, बोट एका बाजूला गेली आणि तिथंच विचार करत थांबल्यासारखी वाटली, तर वजन वर गेलंय. चिकोडीकडं उसाने उंच भरलेली ट्रॉली वळणावर जशी संथपणे कलते आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, ते हेच. संथ डोलणं नवख्या माणसाला आरामशीर वाटतं, झटकन उभी राहणारी बोट त्रासदायक वाटते. त्रास देणारी असू दे, ती परत उभी राहते.

वजन वर का जातं? मागाहून बसवलेला उंच टॉवर, छतावरची जाड शीट, वर नेलेल्या बॅटऱ्या. जुन्या बोटींची पेट्रोल इंजिनं काढून जड डिझेल बसवलेली असतात, तेव्हा बोटीचा बसण्याचा कल बदलतो, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर जाते आणि मागचा भाग खाली बसतो. नावाजलेली बोट असली तरी ती आता कंपनीतून निघाली तशी राहिलेली नाही हे लक्षात ठेवा.

त्याच वेळी डेकवर चार बादल्या पाणी ओता आणि किती वेळात बाहेर जातंय ते बघा. डेकवर साचलेलं पाणी बोट कलली की सगळं त्याच बाजूला पळतं आणि तिला अजून कलवतं. अर्ध्या भरलेल्या मोठ्या टाकीचंही तसंच. भोकं बुजलेली असतील तर साफ करून मगच निघा.

६. चौकोनी फेरी, हीच खरी परीक्षा

बंदराबाहेर मोकळ्या पाण्यात गेल्यावर लाटा कुठून येतायत ते ठरवा आणि चार बाजू मारा, प्रत्येक बाजू दहा मिनिटं: समोरून लाट, बाजूने, पाठीमागून, आणि पाठीमागून तिरकी. प्रत्येक बाजूला दोन स्पीड, एक ट्रोलिंगचा, म्हणजे गळ ओढत जायचा, ७-८ नॉट आणि एक घरी परतायचा, १५ ते १८ नॉट, जमेल तेवढा. ट्रॉलर असेल तर एकच स्पीड.

समोरून: इथं दणके मोजायचे. मोबाईल स्टिअरिंगजवळ घट्ट चिकटवा, दर वेळी त्याच जागी. स्वतः पण तीन जागी उभे राहा. आपल्याकडं बसमध्ये मागची सीट आदळते म्हणून पुढं बसतो, बोटीत उलटं आहे, पुढचं टोक सगळ्यात जास्त उडतं. स्पीड १८ वरून १२ वर आणला की दणका किती उतरतो ते लिहा. चांगल्या बोटीत तो एकदम मऊ होतो आणि तरीही नाळ हवेत न जाता बोट सरकत राहते. काही बोटी १२ ला पाण्यात बसून रांगायला लागतात, त्यांना एकतर आपटत जायचं नाहीतर रांगत जायचं एवढंच येतं, आणि दुपारच्या वाऱ्यात घरी यायला हा मधला स्पीडच लागतो. ट्रिम टॅब, म्हणजे मागे तळाला बसवलेल्या हलत्या पट्ट्या, असतील तर थोडे खाली करून नाळ दाबून बघा, धार कामाला लागते.

बाजूने: इथं पाणी अंगावर किती येतं आणि डोलण्याचा झटका कसा आहे ते बघा. मग इंजिन न्यूट्रलला टाकून दहा मिनिटं नुसतं तरंगा. बहुतेक बोटी आपोआप लाटेला आडव्या होतात. गळ टाकून बसणाऱ्याचा दिवसातला मोठा वेळ असाच जातो, आणि चाचणीत हीच गोष्ट कुणी दाखवत नाही, सगळे पंचवीस नॉटने पळवून दाखवतात. एका हाताने काठ न धरता आमिष लावता येतंय का? नसेल येत तर तुमच्या कामाची नाही, समोरच्या लाटेत कितीही मऊ असो.

पाठीमागून: ही बाजू गोड लागते आणि इथंच धोका असतो, माझं चुकलं ते इथंच. लाटेच्या उतारावर बोट वेग घेते, पुढची धार पुढच्या लाटेत घुसते आणि मागचा भाग बाजूला फिरायला बघतो. स्टिअरिंगवाल्याचे हात बघा. हात शांत असतील तर तळ चांगला, सारखा डावीकडं-उजवीकडं फिरवत असेल तर ती बोट नाळेने ओढते. तिरक्या लाटेत हे अजून जास्त दिसतं. नाळ थोडी वर ठेवून, लाटेच्या पाठीवर बसून, शिखर न ओलांडता यायचं असतं, तांडेलला सांगायची गरज नाही, तुम्ही फक्त बघा. इथं तुम्ही स्वतः चालवू नका.

७. दोन बोटींची तुलना करताना

एकाच दिवशी, शक्यतो एकाच वेळी, बाजूबाजूने. माणसं तेवढीच, डिझेल साधारण तेवढंच, बर्फाची पेटी दोन्हीत भरलेली. रिकामी बोट उडते, भरलेली बसते, आणि तुम्ही बोट भरूनच नेणार आहात. वहीत प्रत्येक बाजूला चार गोष्टी लिहा: स्पीड, ॲपवरचा सगळ्यात मोठा धक्का, किती भिजलो, हात सोडून उभं राहता आलं का. लाटेची उंची आणि सेकंद वर लिहायला विसरू नका, नाहीतर महिन्याने ती वही निरुपयोगी.

३१ फुटी बोटीशी २३ फुटी लावून मग लहानी आपटते म्हणायचं नाही. पाण्याला टेकणारी लांबी जास्त असली की बोट दोन लाटांवर टेकते, हा फायदा तळाच्या आकाराचा नाही, लांबीचा आहे.

८. इथं लोक फसतात

"बर्ट्रामसारखीच आहे" असं सांगून साच्यावरून काढलेली हलकी कॉपी विकतात. आकार तोच असतो, फायबरचे थर कमी असतात, वजन कमी, आणि मऊ चाल अर्धी वजनातूनच येते. क्रेनच्या वजनकाट्यावर वजन बघायला मिळालं तर नक्की बघा.

फोम भरलेल्या जुन्या बोटीत भेगेतून पाणी मुरलेलं असतं. अशी जड झालेली बोट चाचणीत मऊ चालते आणि माणूस खूश होतो. रबरी हातोडीने ठोकत जा, भरीव टणक आवाज बदलून बद्द झाला तिथं खूण करा. मागची फळी, जिथं इंजिन टांगलेलं असतं, तिथं दोनदा ठोका.

नवीन गाद्या आणि स्प्रिंगची सीट बसवून दणका लपवतात, म्हणून चाचणी उभं राहून करा.

आणि चहा-नाष्टा करून, फोटो काढून, जेटीवरच ॲडव्हान्स मागतात. देऊ नका ओ. बोट बांधल्यावर खालचं झाकण उघडा, बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, निघताना किती पाणी होतं आणि आता किती आहे ते बघा, खवळलेल्या पाण्यातून आल्यावरच तळाच्या भेगा पाणी आत सोडतात. फरक असेल तर कुठून आलं ते शोधल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. पाणी खारं आहे की गोडं, हाताचं बोट बुडवून जिभेला लावा. गोडं असेल तर टाकी गळतेय, खारं असेल तर तळाकडून किंवा पंख्याच्या शाफ्टकडून येतंय, आणि ते बोट परत वर काढूनच कळेल. वही तिथंच पूर्ण करा, चोर्ला चढेपर्यंत निम्मं विसरलेलं असतं.